सत्तेचाळीस नंबरची बरणी

भीमराज सहादू रोकडे यांनी तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांना तोंडावर नकार दिला तो एकदाच, आणि तोही बेडकांसाठी. बदलीसाठी नाही, रजेसाठी नाही, साहेबांच्या घरचा गॅस सिलिंडर खांद्यावरून वाहून न्यायला सांगितला तेव्हासुद्धा नाही. गावाला हे कळलं तेव्हा लोक पोट धरून हसले. हसणाऱ्यांना हसू द्यावं. त्यांच्यातल्या किती जणांवर उभ्या आयुष्यात एका गोष्टीसाठी पाय रोवून उभं राहायची वेळ आली असेल, हा प्रश्नच आहे.

राजूरला जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या जरा अलीकडे, हे कॉलेज. मागच्या भिंतीला भाताची खाचरं अगदी लागून. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा तळमजल्यावर, तिच्या खिडक्या खाचरांकडे उघडणाऱ्या. भीमराज तिथले परिचर. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणे. सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायच्या, ट्रे मांडायचे, आणि भिंतभर फळ्यांवर ओळीनं ठेवलेल्या बरण्यांमधलं फॉर्मेलिन कमी झालं की भरायचं. फॉर्मेलिननं डोळ्यांची आग होते, नाकातला वास रविवारीसुद्धा जात नाही. मुक्ताबाई, म्हणजे त्यांची बायको, लग्नानंतर वर्षभर त्यांना जेवायला दाराजवळ बसवायची. पुढं तिचंही नाक त्या वासाला मुकलं आणि ते घरात आले.

शिक्षण दहावी. पण दरवर्षी पावसाळ्यात, कॉलेज सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत, पहिल्या वर्षाच्या मुलांना एक पाठ शिकवला जाई आणि मामा मागं ट्रे मांडता मांडता तो ऐकत. शिकवणारे गहिनीनाथ सर. उंच, धोतरासारखी ढगळ पँट घालणारे, खडूनं कपाळ खाजवणारे. फळ्याकडे पाठ करून ते विचारत, दोन प्राणी एकाच प्रजातीचे हे ओळखायचं कसं? मुलं म्हणत रंगावरून, आकारावरून, शेपटीवरून. सर मान हलवत. मग सांगत की दिसण्यावर जाऊ नका. निसर्गात, आपण होऊन, जे एकमेकांशी जोडी करतात, ज्यांना पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पुढं पिल्लं होतात, ते एक. घोड्या-गाढवाचं खेचर होतं, पण खेचरापाशी वंश थांबतो, म्हणून घोडा वेगळा आणि गाढव वेगळं. हे कुणी ठरवायचं? तुम्ही नाही, मी नाही. ते प्राणीच ठरवतात.

हे मामांनी पंधरा-सोळा पावसाळे ऐकलं. मुलांनी परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरून गेली. मामांनी ते घरी नेलं.

घरी त्याचा उपयोगही झाला. त्यांचा मुलगा सम्राट नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत लेथवर काम करतो. तिथंच ऑफिसात हिशेब बघणाऱ्या रश्मीशी त्यानं लग्न ठरवलं. रश्मी कोपरगावकडची, उसाच्या बागायतदारांची. तिचे चुलते रंगनाथराव गाडी करून आले, चहाला नको म्हणाले, ओट्यावर उभ्या उभ्याच म्हणाले की तुमचं रक्त वेगळं, आमचं वेगळं, हे जुळायचं नाही. मामांनी त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, रंगनाथराव, लग्न होऊ द्या, पोरं होऊ द्या, त्या पोरांना पोरं होऊ द्या, आणि मग सांगा कोण वेगळं. प्राणिशास्त्रात एवढी एकच परीक्षा असते आणि आपण दोघं त्यात कधीचे पास झालेलो आहोत. रंगनाथराव तणतणत गेले. आता नात चार वर्षांची आहे, आणि तेच रंगनाथराव दिवाळीला तिच्यासाठी फ्रॉक पाठवतात. मामा तो फ्रॉक बघून मिशीतल्या मिशीत हसतात हे मुक्ताबाईनं पाहिलेलं आहे.

आता एकोणीस नंबरच्या बरणीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

मामांचे वडील सहादू ओढ्यात टोपली लावून मासे धरायचे. बोटाएवढ्या माशांत त्यांना दोन प्रकार ठाऊक होते. एक साधी मळी, आणि दुसरी काजळी. काजळीच्या अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काजळाची रेघ ओढलेली असे आणि ती फक्त एका डोहात, दगडाच्या सावलीत राही. नोकरीला लागल्यावर मामांनी हौसेनं दोन्ही प्रकारचे मासे धरून आणले आणि एकोणीस आणि वीस अशा दोन बरण्यांत ठेवले. फॉर्मेलिनचा एक गुण असा की ते मांस टिकवतं आणि रंग खातं. वर्षा-दोन वर्षांत सगळे मासे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरेफटक झाले. काजळ गेलं.

मग एके दिवशी कुणीतरी मेलेली घोणस आणून दिली आणि ती ठेवायला मोठी बरणी रिकामी नव्हती. गहिनीनाथ सर घाईत होते. त्यांनी फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, त्या दोन्ही बरण्यांत सारखेच मासे आहेत, वीस एकोणिसात ओता, वीस मोकळी होईल. मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नोकरी नवी होती. सर शिकलेले होते, शिवाय सर भला माणूस होता. मामांनी वीस नंबर एकोणिसात ओतली. दोन मिनिटांचं काम.

चार-पाच वर्षांनी ओढ्यावर सिमेंटचा बंधारा झाला, डोह गाळानं भरला, आणि काजळी दिसेनाशी झाली. मामांनी वरपासून खालपर्यंत ओढा पालथा घातला. सहादू तेव्हा खाटेवर पडून होते. एकदा त्यांनी विचारलं, काजळी घावली का? मामा म्हणाले न्हाई. म्हातारा म्हणाला, तुझ्या कॉलेजात हाय की ठेवलेली. मामा हो म्हणाले. बापाशी बोललेलं ते त्यांचं एकमेव खोटं. काजळी बरणीत होती हे खरं, पण तीस-पस्तीस पांढऱ्या माशांमधली काजळी कुठली, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गहिनीनाथ सरांनाही नाही. एकोणीस नंबरची बरणी पुसताना मात्र ते तिच्याकडे बघायचं टाळत.

बेडकांचं प्रकरण त्यानंतरचं. पूर्वी मुलांना कापायला बेडूक लागत आणि ते पुरवायचं काम मामांचं. हातात पिशवी घेऊन बांधाबांधानं फिरताना त्यांच्या कानांनी एक गोष्ट टिपली. खाचरातला तो मातकट, अंगठ्याएवढा बेडूक दोन तऱ्हांनी ओरडतो. एक टिक टिक करत पागोळीसारखा. दुसरा फणीच्या दातांवरून नख ओढावं तसा, लांब कर्रर्र. हातात घेतले तर दोन्ही हुबेहूब सारखे. मामांनी त्यांना आपली नावं ठेवली, टिकटिक्या आणि कर्रकऱ्या.

मग मामांना नाद लागला. पावसाळ्यात पाच वाजता ड्यूटी सुटली की छत्री घेऊन बांधावर बसायचं. टिकटिक्या ओरडला की कोणती मादी जाते, कर्रकऱ्या ओरडला की कोणती जाते, जोडी कुणाची जमते, सगळं वहीत लिहायचं. एकच खाचर, एकच पाणी, चार हातांवर दोघांचे संसार, पण वीस पावसाळ्यांत टिकटिक्याकडे आलेली मादी कर्रकऱ्याकडे गेली असं एकदाही घडलं नाही. लोकांनी त्यांना बेडकांचा भटजी म्हटलं. शेजारचे भिमाजी तर रोज विचारायचे, आज किती लग्नं लावली?

त्याच काळात मामांनी दोघांचे चार-चार नमुने शेहेचाळीस आणि सत्तेचाळीस नंबरच्या बरण्यांत ठेवले. गहिनीनाथ सर हसले, दोन्हींवर एकच लॅटिन नाव लिहिलं, पण बरण्या वेगळ्या राहू दिल्या. पुढं बेडूक कापणं बंद झालं, धरून आणणंही बंद झालं. सर निवृत्त झाले आणि वारले. बरण्या राहिल्या.

यंदा ऑगस्टात मूल्यांकनाची समिती यायची होती आणि कॉलेजच्या अंगात आलं. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, मुलींना रांगोळीचं काम. विभागप्रमुख आता डॉक्टर ओंकार जगताप. वय बेचाळीस, हुशार, कामसू, वाईट माणूस मुळीच नाही. त्यांनी संग्रहाची नवी यादी संगणकावर केली आणि त्यांच्या लक्षात आलं की दोन बरण्यांवर एकच नाव आहे. त्यांनी आठही बेडूक दोन वेगळ्या ट्रेंमध्ये काढून भिंगाखाली ठेवले, पाय मोजले, डोकी मोजली, दुपारभर खपले. फरक सापडला नाही. मग त्यांनी मामांना बोलावून सांगितलं की सत्तेचाळीस शेहेचाळिसात ओता, यादी सुटसुटीत होईल, गुरुवारी समिती यायच्या आत करा.

मामा म्हणाले, "न्हाई, सर."

जगताप सरांना आधी वाटलं की मामांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मामांनी पुन्हा तेच उत्तर दिलं आणि मग कारण सांगितलं, की हे दोन वेगळे आहेत, दिसायला नाहीत पण ओरडण्याला आहेत, आणि त्यांच्या माद्या एकमेकांकडे जात नाहीत. बरणीतला बेडूक ओरडत नाही, एवढाच त्याचा दोष. खाचर खिडकीबाहेर आहे, पाच वाजता चला, ऐकवतो. सरांना पाच वाजता प्राचार्यांची बैठक होती. दुसऱ्या दिवशी दुसरी बैठक होती. शेवटी ते वैतागले आणि त्यांच्या तोंडून जायला नको ते गेलं. म्हणाले, मामा, तुमच्या लोकांनी तरी असं वेगळं-वेगळं करू नये. जातींचा जाच तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हीच बेडकांत जाती पाडताय.

प्रयोगशाळेत दोन प्राध्यापक होते, ते खाली बघू लागले. मामांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"सर, मानसं एक हायेत. हे मी तुमच्याच पुस्तकातनं शिकलो, आन् घरी पोराच्या लग्नात करून दावलं. मानसांत ज्यांनी भेद पाडले त्यांनी नीट बघितलं न्हाई. आन् या दोन बेडकांना जे एक म्हनत्यात, त्यांनीबी बघितलं न्हाई. दोनी चुका एकच हायेत."

सर लालबुंद झाले. चिडलेला साहेब कागदाकडे वळतो. दुसऱ्या दिवशी मामांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान, गैरवर्तन, बुधवारपर्यंत लेखी खुलासा, अन्यथा सेवापुस्तकात शेरा. तीस वर्षांत मामांच्या सेवापुस्तकात एक डाग नव्हता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. ते कोरं सेवापुस्तक हीच त्यांची मिरवण्याची एकमेव गोष्ट होती, आणि ते मिरवतही असत, नाही म्हणण्यात अर्थ नाही. निवृत्तीच्या दिवशी ते सम्राटला दाखवायचं त्यांनी कधीचं ठरवलं होतं.

लिपिक कल्याण समजूत घालायला घरी आला. म्हणाला, मामा, आठ मेलेले बेडूक. ओता आणि मोकळे व्हा. कोण बघतंय? मामा म्हणाले, त्योच तर घोळ हाय, कुनीच बघत न्हाई. कल्याण चहा पिऊन गेला.

मामांनी खुलासा लिहायला बसून दोन पानं भरली. मुक्ताबाईनं दोन्ही वाचली. पहिलं तिला पटलं. दुसरं वाचून ती घाबरली आणि म्हणाली, हे कशाला लिवता, कुनी इचारलंय का? मामा म्हणाले, इचारलं न्हाई म्हनून तर लिवतोय. बुधवारी त्यांनी लिफाफा दिला. जगताप सरांनी तो न उघडता खणात टाकला, कारण त्यांना दुसऱ्या दिवसाची धास्ती होती.

गुरुवारी समिती आली. तिघं जण, मागे प्राचार्य, त्यांच्यामागे निम्मं कॉलेज. बाहेर बारीक पाऊस आणि भरदुपारी दिवेलागणीसारखा अंधार. समितीतल्या एक बाई फळीपाशी थांबल्या आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. या दोन बरण्यांवर एकच नाव कसं? जगताप सर चटकन म्हणाले, परिचराची चूक आहे मॅडम, दुरुस्त होईल.

परिचरानं समितीसमोर बोलायचं नसतं. त्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि दार उघडायचं. मामा भिंत सोडून दोन पावलं पुढं आले.

"चूक न्हाई, म्याडम. दोन मिनटं द्या."

त्यांनी खिडकी उघडली, खिशातून मोबाईल काढला आणि बाहेर हात करून आवाज लावला. टिक टिक टिक. त्यांनी स्वतः बांधावर बसून घेतलेला. खाचरं गप्प होती. लोक एकमेकांकडे बघू लागले, प्राचार्यांनी घसा खाकरला. मग डावीकडच्या खाचरातून एकानं उत्तर दिलं. टिक टिक. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, आणि बघता बघता सगळं खाचर टिकटिकू लागलं. मामांनी आवाज बंद केला, खाचर शांत होईपर्यंत थांबले आणि दुसरा आवाज लावला. कर्रर्र. मघाचे सगळे गप्पच राहिले. एकानंही तोंड उघडलं नाही. उत्तर आलं ते बांधाच्या गवतातून, वेगळ्याच गळ्यातून, लांब आणि खरखरीत. कर्रर्र.

मामा म्हणाले, "मघाची शेहेचाळीस. आन् ही सत्तेचाळीस."

बाईंनी विचारलं हे रेकॉर्डिंग कुणी केलं. मामांनी आपल्या छातीकडे बोट दाखवलं. बाई आणखी काही विचारणार होत्या, पण समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, छान छान म्हणाले, आणि मंडळी जेवायला गेली. अहवालात बेडकांबद्दल एक ओळही आली नाही. कुंड्यांबद्दल आली.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर साडेपाचच्या सुमारास जगताप सर प्रयोगशाळेत आले ते फणफणतच. चारचौघांत त्यांची शोभा झाली होती, आणि ते दुःख त्यांच्या जागी खरं होतं. हातात उघडलेला लिफाफा होता. मामा बरण्यांत फॉर्मेलिन भरत होते. सर म्हणाले, मामा, आज तुम्ही बरोबर निघालात असं समजू, पण आदेश मोडला तो मोडलाच, शेरा मी देणार. मामांनी मान डोलावली. सर पुढं बोलणार तो त्यांचं लक्ष हातातल्या दुसऱ्या पानावर गेलं, जे त्यांनी घाईत वाचलं नव्हतं. उभ्या उभ्या त्यांनी ते वाचलं. वाचता वाचता ते फळीपाशी गेले आणि एकोणीस नंबरची बरणी उतरवून उजेडात धरली. आतले पांढरे मासे हळूच हलले.

"यातली काजळी कुठली?"

"सांगता येत न्हाई, सर. कुनालाच येनार न्हाई आता."

"पुन्हा धरून आणता येईल?"

"ओढ्यात ऱ्हायली न्हाई."

सरांचा आवाज उतरला होता. त्यांनी विचारलं की तेव्हा ओतायला कुणी सांगितलं होतं. मामांनी गहिनीनाथ सरांचं नाव घेतलं नाही. म्हणाले, सांगनारे गेले, ओतनारा मी हाय. सर म्हणाले, मामा, हे मला कळलंही नसतं. हे पान मी परत देतो, फाडून टाका. आदेश मोडल्याच्या शेऱ्याचंही मी बघतो काहीतरी. कशाला डाग लावून घेता, आठ महिने राहिलेत.

मामांनी एकोणीस नंबर त्यांच्या हातून घेतली, पुसली, आणि यावेळी तिच्याकडे नीट बघत फळीवर जागेला ठेवली. मग फडकं खांद्यावर टाकून ते सरांसमोर उभे राहिले.

"शेरा द्या, सर. पन अर्धा नगा देऊ. सत्तेचाळीस वतली न्हाई हे लिवा, आन् एकोनीस वतली हेबी लिवा."